टेकू

गाठ मी मारली होती आणि माझ्यादेखत दुसऱ्या कुणीतरी ती सोडली. घडलं ते एवढंच. ऑक्टोबरातला शनिवार होता. सरोवरावरून येणारा वारा बोटांच्या पेरांत शिरत होता. आमची बोट क्रेनने उचलून काठावर ठेवल्याला आठवडा झाला होता आणि मी तिच्यावर ताडपत्री घालत होते. ताडपत्रीच्या कडेला पितळी कड्या असतात, त्यांतून दोरी ओवून ती खाली कुठेतरी ताणून बांधावी लागते. बोटीला टेकवलेले लोखंडी स्टँड समोरच उभे होते, हाताच्या उंचीवर, बांधायला अगदी सोयीचे. मी एकेक दोरी त्यांच्या पायांना बांधत चालले होते. चौथी गाठ मारत असताना शेजारच्या बोटीचे म्हातारे गृहस्थ आले, काही न बोलता वाकले आणि माझी पहिली गाठ सोडायला लागले. दुसरीही सोडली. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि म्हणाले, "हे स्टँड बोट धरण्यासाठी आहेत. ताडपत्री धरण्यासाठी नाहीत." आणि आपल्या बोटीकडे निघून गेले.

मला राग आला. खूप आला. मी पाजपंढरीची. हर्णै बंदराला लागून असलेल्या कोळीवाड्यात माझा जन्म, दारातून सुवर्णदुर्ग दिसायचा आणि रात्री निजताना कानात लाटांखेरीज दुसरं काही नसायचं. होडी जमिनीवर कशी ठेवायची ते मला इथे, टोरांटोत, ओंटारियो सरोवराच्या काठी, कुणी शिकवावं? मी उरलेल्या दोन गाठी स्वतःच सोडल्या, त्यांनी सोडलेल्या दोऱ्या उचलल्या आणि बोटीच्या पोटाखालून पलीकडे नेऊन बांधल्या. अर्धा तास जास्त लागला. गाडीत बसेपर्यंत राग उतरला होता. ते वाक्य मात्र उतरलं नाही. रात्रभर ते मनात घोळत राहिलं, ओळखीच्या माणसाचं नाव आठवू नये तसं. मी ते आधी कुठेतरी ऐकलं होतं, आणि इंग्रजीत नव्हे.

इथे बोटी वर काढण्याचा दिवस हा उत्सवच असतो. सकाळी सहाला अंधारात सगळे जमतात, डोक्यावर हेल्मेट, हातात कॉफी, आणि मोठी क्रेन घरघरत उभी असते. बोटीच्या पोटाखाली दोन रुंद पट्टे जातात. ते कुठे यायला हवेत याच्या खुणा काठावर केलेल्या असतात, कारण पट्टा चुकून सुकाणूच्या पात्यावर किंवा प्रोपेलरच्या दांड्यावर आला तर वजन भलत्याच जागी पडतं. मग ती उचलली जाते. आमची बोट २७ फुटांची, १९७०च्या दशकातली, सी अँड सी कंपनीने इथल्याच नायगारा-ऑन-द-लेक गावात बांधलेली. वजन साधारण अडीच टन आणि त्यातलं जवळजवळ निम्मं कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या जड कण्यात. आजोबा कीलला पाठाण म्हणायचे. पाण्यात असताना ही पाठाण दिसत नाही, आपण ती विसरूनच जातो. वर आली की शेवाळानं हिरवीगार, थेंब गाळत, हवेत हळूहळू फिरत असते आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्यांची बोलणी थांबतात. दोन्ही टोकांना बांधलेल्या दोऱ्या दोघांनी धरलेल्या असतात, ती वाऱ्यानं गरगरू नये म्हणून. मी दरवर्षी नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, दोरी मागून घेते. अडीच टन वजन त्या दोरीतून हाताला अगदी हलकं लागतं, नुसती एक ओढ. बांधून ठेवलेली गाय मान वळवते तशी.

खाली ठेवल्यावर पहिला तास धुण्याचा. शेवाळ ओलं असतानाच जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानं काढायचं, वाळलं की ते पापुद्र्यासारखं चिकटतं आणि मग खरवडत बसावं लागतं. झेब्रा शिंपले असतात, नखाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे. १९८८ साली ते पहिल्यांदा या सरोवरांच्या साखळीत सापडले, दूरदेशीच्या जहाजांच्या पाण्यातून आले, आणि आता कुठल्याही फटीत घर करतात. त्यांचा वास मला आवडतो असं सांगितलं की इथल्या मैत्रिणी तोंड वाकडं करतात. पण समुद्र आठवावा असा या गोड्या पाण्याच्या काठी तो एकच वास आहे. आईला अजून हे पाणी पटत नाही. "गोड्या पाण्याला कुठे लाटा असतात?" ती फोनवर विचारते. मी तिला लाटांचे फोटो पाठवते, नोव्हेंबरातले, काळपट, माणसापेक्षा उंच. ती फोटो बघून म्हणते, "मीठ नाही म्हणजे चव नाही."

पाण्यातली बोट आणि जमिनीवरची बोट यांत फरक आहे, तो मला इथे येऊन, स्वतःच्या हातांनी करायला लागल्यावर कळला. पाणी बोटीला सगळीकडून धरतं. पोटाच्या प्रत्येक बोटभर जागेला थोडं थोडं, सारखं. जमीन तसं धरत नाही. जमिनीवर सगळं वजन कीलखालच्या लाकडी ठोकळ्यांवर येतं आणि बाजूचे स्टँड फक्त तोल सांभाळतात. नव्या माणसाला वाटतं की बोट स्टँडवर उभी आहे. ती स्टँडवर उभी नसतेच. स्टँड आवळून आवळून तिचं वजन त्यांच्यावर घेतलं तर फायबरग्लासचं पोट आत दबतं. स्टँडची गादी कुठे टेकवायची तेही ठरलेलं असतं: आत जिथे लाकडी आडभिंत आहे, त्याच रेषेत बाहेरून. ती जागा शोधायला मी बोटांच्या पेरांनी ठकठक करत जाते. पोकळ जागी ढब्ब वाजतं, भिंतीपाशी आवाज बारीक आणि घट्ट होतो. समोरासमोरच्या दोन स्टँडांना पोटाखालून साखळी, म्हणजे कुठलाच पाय बाहेर सरकणार नाही. प्रत्येक पायाखाली प्लायवुडचा तुकडा, कारण इथली जमीन हिवाळ्यात गोठून फुगते आणि वितळली की चिखल होऊन खचते. पाण्यावर असताना जिच्याबद्दल आपण वाऱ्याची, लाटेची काळजी करतो, तिला वर आणल्यावर आपण निर्धास्त होतो. खरं म्हणजे ती आता जास्त अवघड जागी आलेली असते.

मग पाणी काढणं. हिवाळ्याआधीचं निम्मं काम एवढंच, प्रत्येक कानाकोपऱ्यातून पाणी काढणं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि बंद जागेत फुगलं की लोखंडही फोडतं. आमच्या बोटीचं जुनं पेट्रोल इंजिन सरोवराचंच पाणी आत घेऊन थंड होतं. म्हणून शेवटी ते गरम होईपर्यंत चालवायचं, आणि बादलीतून त्याला पाण्याऐवजी न गोठणारं गुलाबी औषध पाजायचं, मागच्या नळीतून गुलाबी धार येईपर्यंत. ती धार पडली की मला बरं वाटतं, तापातल्या मुलाला घाम फुटावा तसं. तळातली बूच काढून ठेवायची आणि ती हरवू नये म्हणून सुकाणूच्या चाकाला बांधायची. सुकाणूचं पातं आतून फोमचं असतं, त्यात वर्षभर पाणी झिरपतं, म्हणून त्याच्या तळाला बारीक भोक पाडायचं. दोन दिवस त्यातून तपकिरी थेंब पडत राहतात. वसंतात ते भोक बुजवायचं. बॅटरी पूर्ण भरून ठेवायची. भरलेली बॅटरी उणे चाळीसलाही गोठत नाही, उतरलेली मात्र साध्या थंडीतच फुटते. शिडं घरी येतात. आमच्या दोन खोल्यांच्या घरात, बाथटबमध्ये, मोठं शीड कोमट पाण्यात भिजत पडलेलं असतं आणि त्या दिवशी कुणाला आंघोळ मिळत नाही. मग ते दाराच्या वर, खुर्च्यांवर, जिन्याच्या कठड्यावर वाळत पडतं. मुलगी लहान होती तेव्हा त्याखाली शिरून बसायची. त्या पांढऱ्या उजेडातून तिची सावली दिसायची आणि घराला दोन दिवस सरोवराचा वास यायचा.

आणि सगळ्यात शेवटी ताडपत्री.

डोलकाठी काढून बोटीवर आडवी ठेवतो, पुढून मागे, लाकडी घोड्यांवर. तिच्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना उतरते. पहिल्या वर्षी ते करून झाल्यावर मी मागे सरून बघितलं आणि एकदम आमचं पाजपंढरीचं घर दिसलं. डोलकाठी म्हणजे आढं. खाली उतरणाऱ्या दोन पाखा. ही शाकारणीच होती. इंग्रजीत याला वेगळं नाव आहे, ते मी रोज वापरते, पण मनात माझ्याकडे एकच शब्द आहे. मे महिना संपताना कोकणात घरं शाकारत, पेंढ्यानं, झापांनी, आणि त्याच सुमारास आजोबांची होडीही शाकारली जायची.

१९८०च्या आसपासची गोष्ट. बंदरात इंजिनं आली होती, पण आजोबांची होडी शिडाची होती आणि त्यांनी ती शेवटपर्यंत शिडाचीच ठेवली. मासेमारीला आता १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, तारीख ठरलेली. आजोबांना तारीख लागायची नाही. पहाटे पाण्याकडे बघून यायचे, वारा नैऋत्येला फिरला, पाण्याचा रंग बदलला, लाटेचा आवाज खोल झाला, की संध्याकाळी घरोघर निरोप जायचा. दुसऱ्या दिवशी भरतीला वीस-पंचवीस माणसं. वाळूत माडाच्या खोडाचे तुकडे आडवे टाकायचे, त्यांना माशाचं तेल चोपडायचं, आणि "हैशा" म्हणून ओढायचं. होडी एक ओंडका पुढे सरकायची, मागचा ओंडका मोकळा व्हायचा, आम्ही पोरं तो उचलून पुढे पळायचो. आम्हाला ते काम मिळावं म्हणून आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या. मोठ्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जात, पण लहान होड्या अशा वर यायच्या, माडांखाली, घरांच्या अगदी अंगणापर्यंत. पावसाळाभर आमच्या अंगणात समुद्र यायचा तो असा.

लाकडाच्या होडीचं सगळं उलटं. इथे मी पाण्याच्या थेंबाथेंबाच्या मागे लागते, आजोबांना मात्र होडी वाळण्याची भीती. वर काढल्यापासून पाऊस लागेपर्यंतचे ते आठ-दहा दिवस ते उन्हाच्या बाजूला ओली गोणपाटं टाकून ठेवायचे. फळ्या वाळल्या की आकसतात, फटी उघडतात. पाऊस सुरू झाला की मग झापांचं छप्पर, दोन्ही टोकांना उघडं, वारा खेळता. कोंडलं की लाकूड कुजतं. फटींत कापसाचे पीळ ठोकायचे, वर राळ. खालून मुशीच्या तेलाचा हात. त्या तेलाचा वास आमच्या कपड्यांना, केसांना, शाळेच्या दप्तराला यायचा आणि गावातल्या वरच्या आळीतल्या मुली बाकावर सरकून बसायच्या. मला त्याची लाज वाटायची. आता त्या वासासाठी मी काय देईन, ते सांगता येत नाही. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली की पहिले दोन दिवस ती गळायचीच. आजोबा डबा घेऊन पाणी उपसत शांत बसायचे. लाकूड पाणी पिऊन फुगायचं, फटी आपोआप मिटायच्या. "तिला आठवू दे," म्हणायचे.

माडांखाली होडी उभी असायची ती दोन्ही बाजूंच्या टेकूंवर. साधे लाकडी टेकू, वर बेचकं, खाली सपाट दगड. आणि हेच मला त्या ऑक्टोबरानंतर तीन आठवड्यांनी, बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून बसलेली असताना आठवलं. आमची एक शेळी होती, पांढरी, कानावर तपकिरी डाग. आजीनं तिला बांधून ठेवायला सांगितलं होतं आणि बाहेर पाऊस कोसळत होता. होडीच्या छपराखाली कोरडं होतं. मी शेळी तिथे नेली आणि दोरी टेकूला बांधली. हाताच्या उंचीवर, बांधायला सोयीचं. आजोबा पडवीतून उठले. एरवी ते पावसात भिजत नसत, त्यांना दमा होता. डोक्यावर काही न घेता आले, काही न बोलता वाकले, दोरी सोडली, शेळी माडाला नेऊन बांधली. परत येऊन टेकूवर तळवा ठेवला, हलतोय का ते बघितलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "टेकूला टेकूच राहू दे, बाय. त्याला दुसरं काम सांगू नको."

मी बसमधून माझ्या थांब्यावर उतरले नाही. पुढच्याही नाही.

शेळी ओढते. तिला पाला दिसला की ती ओढणारच, तिचा त्यात दोष नाही. ताडपत्रीही ओढते. वारा तिच्यात शिरला की ती शीड होते, कुणी सांगितलं नसताना. सबंध रात्र ती स्टँडच्या पायाला हिसके देत राहते, आणि ज्याच्यावर सगळा तोल आहे तोच एक दिवस निसटतो. म्हाताऱ्या गृहस्थांना हे मला समजावून सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर मी "थँक यू" म्हटलं असतं आणि विसरले असते असं मला वाटतं. ते मूळचे एस्टोनियाचे. दुसऱ्या महायुद्धात देश सोडून स्वीडनला आणि तिथून कॅनडाला आलेल्या हजारो एस्टोनियन लोकांत त्यांचे आईवडील होते. ते स्वतः तेव्हा कडेवरचं मूल. बाल्टिक समुद्राच्या काठी होड्या कशा ठेवत, ते त्यांना त्यांच्या वडिलांनी कधी सांगितलं, कशावरून सांगितलं, मी विचारलेलं नाही. नोव्हेंबरात एकदा त्यांच्यासाठी थर्मासमधून चहा घेऊन गेले, आलं घातलेला. त्यांनी तो प्यायला आणि माझ्या दोऱ्यांकडे बघून मान हलवली.

३ जून २०२० ला कोकणावर निसर्ग वादळ आलं तेव्हा मी इथे होते. तिकडे बोटी नुकत्याच वर काढलेल्या, छपरं अजून घालायची होती. चार दिवस आईचा फोन लागला नाही. इथे महामारीचे दिवस, आणि मी खिडकीशी उभी राहून शांत, निळं, काचेसारखं सरोवर बघत होते. पाचव्या दिवशी आईचा आवाज आला. घराचे पत्रे गेले, बागा आडव्या झाल्या, माणसं धड आहेत. शेवटी, फोन ठेवता ठेवता, "काकाच्या होडीवर माड पडला." जरा थांबून म्हणाली, "टेकू उभेच आहेत. होडी मोडली, पण टेकू उभे आहेत." तिला ते सांगावंसं का वाटलं, तेव्हा मला कळलं नव्हतं.

या फेब्रुवारीत मोठा बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी उणे चौदा आणि ऊन. मी फावडं घेऊन काठावर गेले. हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी जावंच लागतं, बोट वर ठेवली म्हणजे संपलं असं नसतं. स्कारबरोचे उंच कडे मागे उभे, बंदरातलं पाणी गोठून दुधी झालेलं, आणि पलीकडे मोकळं सरोवर काळं निळं वाफाळत होतं. ते इतकं खोल आहे की सगळंच्या सगळं क्वचितच गोठतं. दीडेकशे बोटी पांढऱ्या आणि निळ्या ताडपत्र्यांखाली उभ्या. आवाज म्हणजे फक्त ताडपत्र्यांचा. आमच्या ताडपत्रीला बर्फानं झोळ आला होता. आत शिरून हातांनी, खालून ढकलून तो पाडला. आतला उजेड निळा, गारठा दगडासारखा, पण ओल नव्हती, बुरशीचा वास नव्हता. बाहेर येऊन सातही स्टँडांना हात लावला. तिसरा किंचित सैल होता, जमीन फुगली असावी. एक फेरा आवळला, गादी पोटाला नुसती टेकेपर्यंत. हातमोजा काढून पोटाला तळवा लावला. चिकटतोय असा गार.

शेजारच्या बोटीभोवती पावलं नव्हती. गुडघाभर बर्फ, एकही ठसा नाही. ते जानेवारीपासून आले नव्हते, कुणीतरी म्हणालं होतं की कमरेचं ऑपरेशन झालंय. मी त्यांच्या स्टँडांभोवतीचा बर्फ काढला, सगळे तपासले. सगळे घट्ट होते. पोटाखालून गेलेल्या त्यांच्या दोऱ्या एका अंतरावर, एका ताणाच्या, आणि प्रत्येक गाठ अशी की हातमोजे घालूनसुद्धा सुटावी.

परतताना कडेच्या रांगेत एक नवी बोट दिसली. माझ्या ओळखीची नव्हे, याच वर्षी आलेली. नाव ताडपत्रीनं झाकलेलं. ताडपत्रीच्या दोऱ्या स्टँडांच्या पायांना बांधलेल्या, सहाच्या सहा, घट्ट, मन लावून बांधलेल्या. वारा आला की ताडपत्री फुगायची आणि स्टँडची साखळी बारीक वाजायची. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. दुसऱ्याच्या दोरीला हात लावायचा नसतो, हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे, पाण्यावरचा तो पहिला नियम. आणि मला ऑक्टोबरातला माझा राग आठवला, तो अजून अंगात कुठेतरी होता. मग मी हातमोजे काढले, वाकले आणि पहिली गाठ सोडली. दोऱ्या गोठून काठ्या झाल्या होत्या. एकेक तोंडाच्या वाफेनं मऊ करत, पोटाखालून पलीकडे नेत, सहाही बांधायला पाऊण तास गेला. बोटं सुजली. साखळी वाजायची थांबली.

गाडीत बसून एक चिठ्ठी लिहायला घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून शिडीला अडकवायला. नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला, दोऱ्या मी बदलल्यात असं लिहिलं. पुढे का ते लिहायचं होतं. वाक्य मनात तयार होतं, मराठीत. काचेवर माझ्याच श्वासाचं धुकं धरलं होतं आणि पेनातली शाई थंडीनं पुढे सरकत नव्हती.